मधल्या घराचं उत्पन्न

(खटाव तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्या गावातली सगळी घरं कमाईच्या चढत्या क्रमाने ओळीत उभी केली, तर बरोबर मधल्या घराचं उत्पन्न म्हणजे मध्यक. सरासरी वेगळी. दोन घरांचं आल्याचं पीक चांगल्या भावात गेलं की सरासरी वर चढते, आणि बाकीच्या घरांत मात्र काहीही बदललेलं नसतं. गावाची योजना आखायची तर मला मध्यक हवा.

तो तयार मिळत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८-१९ या कृषी वर्षासाठी महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न ११,४९२ रुपये काढलं. ही पाहणी मोलाची आहे. देशभरात शेतकरी कुटुंबाच्या १०,२१८ रुपयांपैकी ४,०६३ मजुरी-पगाराचे आणि पिकाचे फक्त ३,७९८, हे तिनेच दाखवलं. पण ती राज्यासाठी आखलेली असते. तुमचं गाव बहुधा तिच्यात नसतंच. मग उत्पन्नाचे दाखले बघावेत, तर ते कुठल्या ना कुठल्या मर्यादेत बसण्यासाठी काढलेले. रेशनच्या प्राधान्य यादीसाठी ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० रुपयांची मर्यादा आहे. जिथे धान्य आकड्यावर अवलंबून असतं तिथे आकडे मर्यादेखालीच गोळा होणार, आणि त्यासाठी मी लोकांना दोष देणार नाही.

म्हणजे घरोघरी जाणं आलं. यादी कुठून घ्यायची? ग्रामपंचायतीचं नमुना आठ, म्हणजे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर हाताशी असतं, पण त्यात घरं असतात, कुटुंबं नसतात. एका घर क्रमांकात दोन भावांच्या दोन चुली निघतात. आपण चूल मोजायची. मुंबईत माथाडी काम करणारा किंवा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात परराज्यात गेलेला मुलगा या चुलीवर जेवत नाही. त्याचा पगार धरू नका, त्याने घरी पाठवलेले पैसे धरा. वस्तीवरची, शेतात राहणारी, पालात उतरलेली कुटुंबं रजिस्टरमध्ये नसतात. ती सुटली तर मध्यक आपोआप फुगतो.

आता दुधाचं बघा. डेअरीचं दहा दिवसांचं बिल हातात घेतलं आणि छत्तीसने गुणलं, की उत्तर चुकलंच. गाय वर्षभर सारखं दूध देत नाही, भाकड काळ असतो. बिलातून पेंड कापून गेलेली असते, पण वैरण, डॉक्टर, कृत्रिम रेतन यांचा खर्च बिलावर दिसत नाही. उलट घरी ठेवलेलं लिटरभर दूध आणि कणगीतली ज्वारी हेही उत्पन्नच आहे. गावात विकलं असतं तर जो भाव मिळाला असता त्या भावाने ते धरायचं. एवढं एका गायीचं नीट विचारायला अर्धा तास लागतो. प्रत्येक घरात इतका वेळ कुठून आणायचा?

इथे मध्यकाची खरी सोय आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. बागायतदार आकडा सांगायला कचरतो. त्याच्यामागे लागू नका. तो वरच्या अर्ध्यात आहे हे गावाला ठाऊक असतं आणि आपल्याला तेवढं पुरतं. त्याचे बारा लाख असोत की पंचवीस, मधलं घर तेच राहतं. एकटीच्या मजुरीवर जगणाऱ्या म्हातारीलाही पैपैचा हिशेब विचारून बेजार करायचं कारण नाही. आधी चार सोप्या प्रश्नांवर घरं ढोबळ क्रमाने लावा. मग मधल्या घरांवर सगळी मेहनत घाला: दोन-तीन एकर जिरायत, एखादी गाय, कुणीतरी कंपनीत. ढोबळ क्रम चुकतो, म्हणून मधली म्हणजे चांगली निम्मी घरं धरा. खरिपानंतर एकदा, रब्बीनंतर एकदा जा, कारण जूनमधल्या बियाण्याचा खर्च पुढच्या मे महिन्यात कुणाच्या लक्षात राहत नाही.

पाच-सहा गावांचा मिळून मध्यक हवा असेल तर सगळ्या चुलींच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून १०० निवडा. ओळखीची, रस्त्यालगतची घरं घेतली तर सगळं मुसळ केरात. नमुना पाहणीचं शास्त्र या देशात ज्यांनी उभं केलं त्यांतले डॉ. पां. वा. सुखात्मे याच तालुक्यातल्या बुधचे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. निवडलेल्या १०० घरांचे आकडे चढत्या क्रमाने लावले, की ४० व्या आणि ६१ व्या घराच्या आकड्यांमध्ये खरा मध्यक असण्याची खात्री ९५ टक्क्यांहून थोडी जास्त असते. म्हणजे ज्या घरांत आपण अर्धा अर्धा तास बसलो, तीच ही घरं. ग्रामसभेत ही दोन्ही टोकं वाचून दाखवा. एकच आकडा मागितला तर मधला सांगा, पण टोकांसकट.

आणि हा आकडा त्या वर्षाच्या पावसाचाही असतो. अमेरिकेत जनगणना खातं लहान गावांच्या उत्पन्नाचा मध्यक पाच वर्षांची उत्तरं एकत्र करूनच देतं. आपल्या दुष्काळी पट्ट्यात तर एका वर्षावर मुळीच विसंबू नये. पुढच्या वर्षी नव्या चिठ्ठ्या काढा, महागाईचा हिशेब करून दोन्ही वर्षं एकत्र करा. प्रश्न मात्र एका शब्दानेही बदलू नका.