बार्शी लाइटचे दीड मीटर

(पडद्यावर : प्लायवूडची कोरी फळी. तिच्यावर पेन्सिलीनं ओढलेल्या तीन रेघा.)

लांबी 150 सेंटिमीटर, रुंदी 45 सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत एक रेल्वे स्थानक उभं राहणार आहे. फलाट, पाण्याची टाकी, मालधक्का, पलीकडे नुकतीच पेरलेली शेतं आणि या सगळ्यातून धावणारी गाडी. प्रदर्शनाच्या दिवशी ही गाडी सकाळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत चालत राहिली पाहिजे.

रेल्वेचं मॉडेल म्हटलं की भव्य काहीतरी डोळ्यांसमोर येतं. जर्मनीत हॅम्बर्गला 2001 मध्ये सुरू झालेलं मिनिएचर वंडरलँड आहे. आपल्या पुण्यात, कोथरूडला, भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे. शाळांच्या सहलीतून ते पाहिलेली कितीतरी मुलं आता स्वतः आई-बाप झाली असतील. पण ही संग्रहालयं एका जागी असतात, तिथं आपण जायचं असतं. प्रदर्शनाचा लेआउट, म्हणजे फळीवर उभं केलेलं छोट्या रेल्वेचं दृश्य, आपल्याकडे येतो. त्याला जिना उतरावा लागतो, मोटारीच्या मागच्या सीटवर मावावं लागतं, शाळेच्या हॉलमध्ये अर्ध्या तासात उभं राहावं लागतं. म्हणून तो लहान हवा. आणि लहानच करायचा, तर मुळात लहान असलेली रेल्वे निवडावी, असं आमचं ठाम मत आहे.

का, ते थोडं गणित करून पाहू.

जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे 1:87, ज्याला एचओ म्हणतात : सगळं खऱ्याच्या 87 पट लहान. या प्रमाणात बाजारात मिळणाऱ्या रुळांमधलं अंतर असतं 16.5 मिलिमीटर. युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या खऱ्या अंतराला, ते चपखल बसतं. भारताची ब्रॉडगेज मात्र 1676 मिलिमीटरची. तिला 87 नं भागा, 19.26 येतं. म्हणजे आपली डेक्कन क्वीन त्या तयार रुळांवर चढवली, तर डबा योग्य मापाचा आणि त्याखालचा रूळ जवळजवळ तीन मिलिमीटरनं अरुंद. समोरून पाहताना हे लगेच जाणवतं.

आता 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज घ्या. 87 नं भागलं की उत्तर येतं 8.76. आणि एन गेज या आणखी लहान मॉडेलांसाठीचा 9 मिलिमीटरचा रूळ तर कुठंही मिळतो. फरक पाव मिलिमीटरचाही नाही. महाराष्ट्राच्या ज्या रेल्वेनं अडीच फुटी गेजला जगभर नाव मिळवून दिलं, ती बार्शी लाइट या मापात अगदी नेमकी उतरते.

(पडद्यावर : नकाशा. कुर्डुवाडीपासून एक रेघ बार्शी, लातूरकडे आणि दुसरी पंढरपूर, मिरजेकडे सरकते.)

बार्शी हे कापसाच्या व्यापाराचं गाव. मोठी रेल्वे जात होती बार्शी रोडवरून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीवरून. मधलं 34 किलोमीटरचं अंतर माल बैलगाड्यांनी जायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. इथं हलकी रेल्वे टाकता येईल हे त्याच्या डोक्यानं घेतलं. 1895 मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली. 1896 मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरता रूळ टाकून त्यानं आपली इंजिनं, डबे आणि वाघिणी लोकांना चालवून दाखवल्या. 1897 मध्ये बार्शीला गाडी आली.

त्याची कल्पना आजही विचार करायला लावते. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, इंजिनाच्या नाही आणि वाघिणीच्याही नाही. भार सगळीकडे सारखा वाटला की यार्डाला 30 पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण 15 किलोचा हलका रूळ पुरतो. आजच्या मुख्य मार्गांवरचा रूळ मीटरला 60 किलोचा असतो. रूळ हलका म्हणून मार्ग स्वस्त, आणि मार्ग स्वस्त म्हणून तो सोलापूर-उस्मानाबादच्या गावांना परवडला. 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. इथला अनुभव घेऊन कॅलथ्रॉपनं पुढं इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे बांधली, ती 1904 मध्ये सुरू झाली. बार्शीच्या माळावर सिद्ध झालेली गोष्ट इंग्लंडच्या दरीत गेली, याचा आम्हांला मनापासून अभिमान वाटतो. याच माणसानं नंतर विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूटही घडवलं.

1954 मध्ये भारतीय रेल्वेनं ही कंपनी विकत घेतली. नव्या शतकात हा सगळा मार्ग टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाला. छोटी गाडी रुळांवरून गेली, म्हणून ती फळीवर आणायची.

आमचं स्थानक कल्पित आहे, काळ मात्र पक्का : 1953 चा आषाढ. कंपनीच्या मालकीची शेवटची आषाढी. काळ असा पक्का केला की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. शेतात काय उभं असेल, आभाळ कसं असेल, फलाटावर कोण असेल, यावर वाद उरत नाही.

(पडद्यावर : दोन फळ्या जोडणारे हात. नट आवळण्याचा आवाज.)

दीड मीटर म्हणजे खऱ्या जगातलं 130 मीटर. 200 मीटरचा एखादा लूप, म्हणजे स्थानकातला बाजूचा रूळ, जशाचा तसा घ्यायचा म्हटला तरी त्यालाच 2 मीटर 30 सेंटिमीटर लागतात. त्यामुळे छाटणी आलीच. आम्ही इमारती पूर्ण मापाच्या ठेवल्या आणि त्यांच्यामधलं अंतर कमी केलं. इमारत लहान केली की शेजारी उभा असलेला माणूस चुगली करतो. अंतर कमी केलं तर कोणाच्या लक्षात येत नाही.

फळी 75 सेंटिमीटरच्या दोन तुकड्यांत आहे, आणि खरी परीक्षा या दोन तुकड्यांच्या सांध्यावर होते. प्रत्येक तुकड्याच्या कडेला रुळाखाली पितळी स्क्रू बसवले. दोन्ही तुकडे पितळेच्या पिना आणि खोबण्यांवर घट्ट जुळवले, वरून रूळ सलग टाकला, स्क्रूच्या डोक्यांना डाग देऊन (सोल्डर करून) पक्का केला आणि मगच बारीक पात्याच्या करवतीनं बरोबर जोडावर कापला. आधी कापून मग जुळवायला गेलं तर रूळ कधीच समोरासमोर येत नाहीत. 9 मिलिमीटरच्या रुळावर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी चाक उतरतं.

विजेचं काम दिसत नाही, पण प्रदर्शनात अब्रू तेच राखतं. रुळांत 12 व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह सोडला जातो. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार दिली आहे, कारण जोडपट्टीवर भरवसा ठेवला की धूळ बसली की इंजिन थांबतं. इंजिन हातात घेतलं तर जेमतेम काही ग्रॅमचं. वजन कमी म्हणजे चाकाचा रुळाला स्पर्श कमी. म्हणून पोकळीत शिशाचे तुकडे भरले आणि सगळ्या चाकांवरून वीज घेतली. खालची चासी जपानी एन गेजची तयार, वरचं धड थ्रीडी प्रिंटरवर केलेलं. त्यावर प्रिंटरच्या थरांच्या रेषा राहतात, त्या पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासून काढायच्या आणि मगच रंग द्यायचा.

(पडद्यावर : अगदी जवळून. चाळणी, काळी माती, तिच्यावरून फिरणारं लोहचुंबक.)

आता माती. सोलापूर जिल्ह्याची काळी माती बाजारातल्या कुठल्याही पुडीत मिळत नाही, ती तिथूनच आणली. उन्हात वाळवली, चहाच्या गाळणीनं गाळली. आणि मग हे पाहा. मातीवरून चुंबक फिरवलं की त्याला बारीक काळी मिशी फुटते. आपली जमीन बेसॉल्ट खडकाची. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. तो कण रुळावर राहिला, तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक त्याला आत ओढून घेतं, आणि दातेरी चक्रांत गेलेला कण मोटर खाऊन टाकतो. चुंबक स्वच्छ निघेपर्यंत माती पुन्हापुन्हा चाळायची. ज्यांना दख्खनच्या मातीनं लेआउट करायचा आहे, त्यांनी ही पायरी कृपा करून गाळू नये.

माती चिकटवायला पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल, आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी मातीवर गोळा होऊन बसतं, आत मुरत नाही. रुळांमधली खडीही अशीच, ड्रॉपरनं थेंब थेंब सोडून.

आषाढात शेत कसं दिसतं? सोलापूरकडची ज्वारी रब्बीची, ती आता उभी नसते. आता खरिपाची पेरणी नुकतीच उरकलेली. त्यामुळे डोलणारी कणसं करण्याचा मोह बाजूला ठेवला आणि पेरणीच्या ओळी काढल्या. दोन ओळींत 45 सेंटिमीटर धरले तर आपल्या मापात पाच मिलिमीटर. पत्र्याच्या तुकड्याला पाच मिलिमीटरवर तीन दात पाडले, झाली तिफण. ओल्या मातीवरून ती ओढली की खऱ्या तिफणीसारख्या तीन तीन ओळी एकदम उमटतात, आणि बांधाशी वळताना त्या थोड्या वाकड्या होतात. ते वाकडेपण मुद्दाम राखलं आहे. शेतात इतकी सरळ रेघ कोणी मारत नाही.

माणसं 19 मिलिमीटरची. तयार मिळणारी सगळी कोट-टोपीतली युरोपियन. त्यांची टोपी पात्यानं तासायची आणि टिश्यू पेपरची सुतासारखी पट्टी फेविकॉलमध्ये भिजवून डोक्याला गुंडाळायची : पटका तयार. धोतरालाही हाच कागद. तांब्याच्या तारेचा वीणा, टाचणीच्या टोकाला भगवी पताका. एका बाईच्या डोक्यावर तुळशीवृंदावन आहे, ते दोन मिलिमीटरचं. भाविक फलाटावर, भाविक डब्याच्या दारात, भाविक पिंपळाच्या पारावर बसलेले. उभी माणसं आम्ही कमी ठेवली आणि बसलेली जास्त. गाडीची वाट पाहणारी गर्दी बसलेलीच असते.

या सगळ्यावर उजेडही आषाढाचा हवा. वर एलईडीची पट्टी लावून तिच्यापुढं ट्रेसिंग पेपर ताणला. सावल्या पुसट झाल्या, मातीचा रंग खोल दिसू लागला. हॉलमधल्या ट्यूबलाइटच्या भरवशावर लेआउट सोडू नये. घरी केलेला रंग तिथं ओळखू येत नाही.

(पडद्यावर : गाडी डावीकडून हळूहळू स्थानकात शिरते.)

गाडीचा वेग पाहा. स्थानकात शिरणारी गाडी ताशी 20 किलोमीटरनं येते असं धरलं, तर आपल्या मापात सेकंदाला 6.4 सेंटिमीटर. दीड मीटर पार करायला 23 सेकंद. बटण पिळून गाडी झूमकन पळवली की पाच सेकंदांत खेळ आटोपतो आणि सगळी मेहनत खेळण्यासारखी वाटते. या 23 सेकंदांत पाहणाऱ्याची नजर गाडीबरोबर फिरते. तिला पार दिसतो, तिफणीच्या ओळी दिसतात. गाडी गेली की पडद्यामागच्या फळीवर थांबते. तिथं दुसरी गाडी जोडून तयार असते.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळेसाठी मालधक्क्यावर एक कोडं मांडलं आहे. ते ॲलन राइट या इंग्रज छंदिष्टानं रचलं आणि इंगलनूक म्हणून जगभर खेळलं जातं. तीन मार्गिका : एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनींत तीन तीन. रुळांवर वाघिणी एकूण आठ. प्रेक्षकांतल्या कोणा मुलानं या आठ वाघिणींचे पत्ते पिसून पाच काढायचे, आणि इंजिननं नेमक्या त्याच क्रमानं पाच वाघिणींची गाडी लावायची. आठांतून पाच, तेही क्रमवार, म्हणजे 6720 वेगवेगळ्या गाड्या. दिवसभर खेळलं तरी तीच गाडी पुन्हा लागण्याचा संभव कमी. कॅलथ्रॉपच्या वाघिणी साधारण 25 फुटी, आपल्या मापात नऊ सेंटिमीटरच्या आत, म्हणून हे सगळं दीड मीटरमध्ये बसतं.

लेआउटची उंची 110 सेंटिमीटर ठेवली. आठ-दहा वर्षांच्या मुलाची नजर इथं जवळपास डब्याच्या खिडकीपाशी येते. पुढं पारदर्शक ॲक्रिलिकची बुटकी पट्टी आहे. ती हात अडवते, नजर अडवत नाही. गाडी चालवणारा लेआउटच्या मागं लपलेला नसून बाजूला, लोकांत उभा असतो. कारण प्रश्न येतात, खूप येतात, आणि आलेच पाहिजेत. हातात मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. दर तासाला रूळ पुसायचे. वरचा पंखा बंद करायला सांगायचा, नाहीतर पताका उडतात आणि धूळ बसते. सुटं इंजिन एक, सुटी तार, डाग द्यायची कावी, पितळी स्क्रू, फेविकॉल. सामानाची ही पेटी लेआउटइतकीच जपायची.

पुढची फळी कुर्डुवाडीची आहे. मोठ्या गाडीतून उतरून प्रवासी जिथं छोट्या गाडीत बसायचे, तो फलाट. एका बाजूला 9 मिलिमीटरचा रूळ, आणि दुसऱ्या बाजूला ब्रॉडगेजसाठी 19.26 मिलिमीटरचा. तो तयार मिळत नाही, म्हणून एकेक स्लीपर कापून हातानं बसवायचा आहे. त्यासाठी जुने फोटो हवेत. तुमच्या घरी कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर किंवा मधल्या कुठल्याही छोट्या स्थानकावर काढलेला फोटो असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचा असो वा बदलीच्या निरोपाचा, तर माणसांच्या मागं काय दिसतंय ते एकदा पाहा. छपराची उतरण, खिडकीच्या गजांमधलं अंतर, पाटीवरच्या अक्षरांचं वळण, एवढं दिसलं तरी पुष्कळ झालं. फोटोच्या पाठीवर साल लिहिलेलं असेल तर तेही कळवा.