कांदे, खारी मासळी आणि एक इमानी माणूस

नमस्कार श्रोतेहो.

वेढा पडलेल्या किल्ल्यात तलवारी उरतात, संपतं ते धान्य. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतल्या, म्हणजे ज्यांच्यावरून ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका झाली त्यांतल्या, स्टॉर्म्स एंड नावाच्या किल्ल्यात तेच झालं. वेढा जवळजवळ वर्षभर चालला होता. बाहेर शत्रूच्या छावणीत मेजवान्या झडत होत्या. आत शिबंदीने घोडे खाल्ले, कुत्री-मांजरं खाल्ली, आणि मग पाळी उंदरांवर आली. किल्ला राखणारा स्टॅनिस बराथियन विशीच्या आतला पोरगा, पण शरण जायला तयार नाही. अशात एका रात्री डॅव्होस नावाचा खलाशी आपलं काळ्या शिडाचं छोटं गलबत शत्रूच्या आरमाराच्या कड्यातून, खडकांच्या मधून वाट काढत थेट किल्ल्याखाली आणतो. हा माणूस चोरटा माल वाहून पोट भरणारा. त्या रात्री गलबतात काय होतं? कांदे आणि खारवलेली मासळी.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात राहणाऱ्या श्रोत्यांना या मालाचं मोल वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या की घराला आधार असतो तो सुक्याचा आणि कांद्याचाच.

किल्ला वाचला. स्टॅनिसने डॅव्होसला सरदारकी दिली, जमीन दिली, राहायला एक लहानशी गढी दिली. आणि इतकी वर्षं केलेल्या चोरट्या व्यापाराची शिक्षा म्हणून डाव्या हाताच्या चार बोटांची शेवटची पेरं छाटायचा हुकूमही दिला. डॅव्होसची अट एकच होती, की सुरा तुम्ही स्वतःच्या हाताने चालवायचा. स्टॅनिसने तो चालवला. पुढे कित्येक वर्षं डॅव्होस ती हाडं एका थैलीत घालून गळ्यात बाळगतो, त्यातच आपलं नशीब आहे असं मानतो. लोक त्याला कांदेवाला सरदार म्हणून हिणवतात. तो मात्र आपल्या निशाणावर कांदाच रंगवून घेतो.

मला ही शिक्षा क्रूर वाटते. डॅव्होसला ती न्यायाची वाटते. त्याला तसं का वाटतं हे त्याच्या डोक्यात शिरल्याशिवाय कळत नाही, आणि जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपल्या कादंबऱ्यांची रचना नेमकी तशीच केली आहे. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेतलं पहिलं पुस्तक 1996 साली आलं, पाचवं 2011 साली. जवळजवळ प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या नजरेतून चालतं आणि बहुतेक प्रकरणांच्या माथ्यावर त्या पात्राचं नावच असतं. सिंहासन कुणाचं, युद्ध कोण जिंकलं, ड्रॅगन किती मोठे झाले, हे सगळं आपल्याला कुणाच्या तरी भीतीतून, रागातून, लाजेतून कळतं. सगळं कळतं असंही नाही. त्या माणसाला जेवढं दिसलं तेवढंच.

आपण ठाणेकर नाटकवेडे. गडकरी रंगायतनच्या खुर्चीत बसून स्वगतं ऐकत वाढलेल्यांना मी सांगेन की ही पुस्तकं म्हणजे हजारो पानांचं स्वगत आहे. आता हेच टीव्हीवर न्यायचं तर कसं? 17 एप्रिल 2011 रोजी एचबीओवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ सुरू झालं आणि 19 मे 2019 रोजी संपलं. आठ पर्वं, 73 भाग. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या दोघांनी ही मालिका घडवली. कॅमेऱ्याला डोक्यात शिरता येत नाही. माझी भाची वाशीला राहते. तिने आधी मालिका पाहिली, मी आधी पुस्तकं वाचली, आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये आमचं यावर बरंच भांडण झालेलं आहे. त्या भांडणातून माझं एक मत पक्कं झालं. मालिकेने जिथे एखाद्या पात्रासमोर बोलायला योग्य माणूस बसवला, तिथे ती पुस्तकाच्या तोडीची झाली. क्वचित पुढेही गेली.

डॅव्होसचंच बघा. पुढे स्टॅनिस स्वतःला राजा म्हणवून सिंहासनासाठी लढतो. त्यातल्या ब्लॅकवॉटरच्या लढाईत पुस्तकातल्या डॅव्होसचे चार मुलगे मरतात. तो स्वतः एका उघड्या खडकावर फेकला जातो. पाणी नाही, अंगात ताप. गळ्याकडे हात जातो तर थैली नाही. हाडं लढाईत गेली. लांबून एक शीड दिसतं आणि हाक मारायची की इथेच मरून जायचं, याचा विचार तो करत राहतो. हे वाचताना आपला घसा कोरडा पडतो. त्याच्यासोबत तिथे कुणीच नाही, सगळं त्याच्या मनात चाललं आहे, म्हणून हे प्रकरण कागदावर शोभतं. मालिकेतही तो खडकावर सापडतो, पण तिथे हे काही मिनिटांत उरकतं. त्याला एकच मुलगा दाखवला आहे.

आणि तरीही मालिकेतला डॅव्होस मला पुस्तकातल्याइतकाच प्रिय आहे, तो शिरीनमुळे. शिरीन ही स्टॅनिसची मुलगी, आजाराने अर्धा चेहरा दगडासारखा झालेली. डॅव्होसला वाचता येत नाही. पुस्तकात एक विद्वान गुरू त्याला लहान मुलांच्या पंगतीत बसवून अक्षरं शिकवतो, तेही सुंदर आहे. मालिकेत मात्र डॅव्होस तुरुंगात असताना ही मुलगी पुस्तक घेऊन कोठडीशी येते, आणि त्याला वाचता येत नाही हे कळल्यावर तिथेच शिकवायला बसते. लियम कनिंगहॅम आणि केरी इन्ग्रम या दोघांचे ते प्रसंग पाहावेत. पांढऱ्या दाढीचा माणूस आणि एक पोरगी, मध्ये गजांची भिंत, आणि तो एकेक अक्षर लावतो आहे. कनिंगहॅम डावखुरे असल्यामुळे मालिकेत तुटलेली बोटं उजव्या हाताची आहेत, हेही जाता जाता सांगते.

पुढे स्टॅनिस स्वतःच्या मुलीला देवाच्या नावाने जाळतो. डॅव्होस त्या वेळी मुद्दाम दूर पाठवलेला असतो. जाण्याआधी त्याने तिला लाकडी हरीण दिलेलं असतं. ते जळकं हरीण त्याला पुढच्या पर्वात राखेत सापडतं, आणि तो मेलिसांड्रेपुढे, म्हणजे जिने हे घडवलं तिच्यापुढे, जाब विचारायला उभा राहतो. कनिंगहॅम यांचा आवाज तिथे फाटतो. पुस्तकांमध्ये हा प्रसंग अजून कुठेच नाही. हे सगळं शिरीन कोठडीशी आली तेव्हा पेरलं गेलं होतं.

महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला डॅव्होस पाहून विदुर आठवणारच. हलक्या कुळात जन्मलेला, राजाला तोंडावर खरं सांगणारा. पण विदुराचं हस्तिनापुरात ऐकलं गेलं नाही, आणि डॅव्होसचं एकदा तरी ऐकलं जातं. तिसऱ्या पुस्तकात एड्रिक नावाच्या राजरक्ताच्या मुलाचा बळी द्यायचं घाटत असतं. सगळ्या राज्यापुढे एका अनौरस पोराच्या जिवाची काय किंमत, असं स्टॅनिस विचारतो. डॅव्होसचं उत्तर एका शब्दाचं आहे: सर्वस्व. तो त्या मुलाला रातोरात जहाजावर चढवून पळवतो आणि मग स्वतःहून राजासमोर येऊन उभा राहतो. राजा तलवार उपसतो. डॅव्होस खिशातून एक पत्र काढतो, उत्तरेच्या भिंतीवरच्या पहारेकऱ्यांनी मदतीसाठी लिहिलेलं, आणि नव्याने शिकलेली अक्षरं लावत वाचायला लागतो. प्रकरण तिथेच थांबतं. पुढे कळतं ते एवढंच की राज्याच्या हाकेला ओ देणारा एकमेव राजा स्टॅनिस ठरला. मालिकेत एड्रिकच्या जागी गेंड्री आहे, बाकी गाभा तोच.

आता ब्रिएन. टार्थ बेटाच्या जहागीरदाराची मुलगी, पुरुषांपेक्षा उंच, दिसायला ओबडधोबड, तलवारीत भल्याभल्यांना भारी. चौथ्या पुस्तकातल्या तिच्या प्रकरणांवर बरेच वाचक नाराज असतात, की ही बाई नुसती फिरतच राहते. मला ती प्रकरणं सगळ्या मालिकेतली सर्वांत मौल्यवान वाटतात. ब्रिएन हरवलेल्या सॅन्साला शोधते आहे. सॅन्साची आई कॅटलिन, तिला दिलेलं वचन, आणि ती आई आता जिवंत नाही. युद्ध संपलेल्या मुलुखातून ब्रिएन चालते. जळालेली गावं, झाडांना लटकलेली प्रेतं. मेरिबाल्ड नावाचा एक अनवाणी धर्मगुरू तिच्याबरोबर असतो. सरदारांच्या लढाईत ओढून नेलेली खेड्यातली पोरं पुढे दरोडेखोर कशी होतात, हे तो तिला सांगतो. मार्टिन यांनी युद्धाबद्दल जे काही लिहिलं त्यात मी ती पानं सर्वांत वर ठेवते. आणि मग एका खानावळीत अनाथ मुलांवर सात नराधम चालून येतात. ब्रिएन एकटी आहे. जिंकायची आशा नाही आणि मागे फिरायचा मार्गही नाही, हे ती जाणते आणि पावसात बाहेर पडते.

मालिकेने हे भटकणं जवळजवळ सगळं वगळलं. त्याबद्दल मला राग आहे. पण ब्रिएनच्या मनातल्या जुन्या जखमा दाखवायला तिथेही एक माणूस दिला: पॉड्रिक, तिचा पोरसवदा मदतनीस. तो पुस्तकातही आहे. पाचव्या पर्वात ती त्याला आपल्या तरुणपणीच्या एका समारंभाची हकीकत सांगते. मुलं तिच्याशी नाचायला रांगेत येतात आणि मागे जाऊन हसतात. ते तिच्या लक्षात येतं, आणि रेन्ली नावाचा तरुण सरदार तिला हाताला धरून नाचायला नेतो. ग्वेंडोलिन क्रिस्टी हे अगदी सपाट आवाजात बोलतात. रडणं नाही, आवेश नाही.

आणि जेमी लॅनिस्टर. राजाला पाठीत तलवार खुपसणारा म्हणून बदनाम झालेला. त्या राजाने सगळं शहर जाळायची तयारी केली होती, हे जेमी कुणालाही न सांगता इतकी वर्षं गप्प राहिला. तलवार धरायचा हात तुटल्यावर, स्नानगृहात, तापाने फणफणलेला असताना तो ते ब्रिएनला सांगतो. पुस्तकातही तिलाच. आठव्या पर्वाच्या दुसऱ्या भागात, लढाईच्या आदल्या रात्री, शेकोटीपाशी जेमी तिला गुडघ्यावर बसायला सांगतो आणि सरदारकीची दीक्षा देतो. स्त्रीला ती मिळत नाही अशी रीत. ती उठून उभी राहते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, त्याची मी कितीतरी पर्वं वाट पाहिली होती.

आर्या, म्हणजे सॅन्साची धाकटी बहीण, आणि जेमीचा बाप टायविन, यांचंही असंच. पुस्तकात आर्या हॅरनहॉलच्या किल्ल्यात पेला भरते ती उत्तरेचा सरदार रूझ बोल्टन याचा. मालिकेने तिला थेट आपल्या घराण्याच्या शत्रूसमोर, टायविनसमोर, उभं केलं. चार्ल्स डान्स आणि मेझी विल्यम्स, एक म्हातारा सेनापती आणि एक पोरगी, दोघं एकमेकांना जोखताहेत.

जिथे समोर माणूस बसवला नाही तिथे हे जमलं नाही. सॅन्साच्या घरी ओलीस म्हणून वाढलेला थिऑन ग्रेजॉय दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी नाहीसा होतो आणि दोन पुस्तकं त्याचा पत्ता नाही. पाचव्या पुस्तकात ‘रीक’ नावाचं प्रकरण लागतं. अंधारात उंदीर खाणारा कुणीतरी, आणि हा थिऑन आहे हे हळूहळू उमगतं. पुढे प्रकरणांची नावं बदलत जातात आणि शेवटी माथ्यावर पुन्हा ‘थिऑन’ येतं. छळाने हिरावलेलं नाव माणूस परत मिळवतो ते असं. मालिकेने तो छळ आठवड्यामागून आठवडे पडद्यावर दाखवला. अल्फी अ‍ॅलन यांनी जीव ओतून काम केलं, पण मला ते प्रसंग पाहवत नाहीत.

टिरियनबद्दल, जेमीच्या बुटक्या भावाबद्दल, बोललं नाही तर भाची रागावेल. पीटर डिंक्लेज यांना त्या भूमिकेसाठी चार एमी पुरस्कार मिळाले आणि ते योग्यच झालं. पुस्तकातला टिरियन अधिक कडू आहे. ब्लॅकवॉटरमध्ये त्याचं नाक बहुतेक सगळं कापलं जातं, मालिकेत चेहऱ्यावर फक्त एक व्रण. नंतरच्या पर्वांत त्याला सल्लागार करून ठेवलं आणि त्याची धार गेली.

सातव्या पर्वात सातच भाग होते, आठव्यात सहा. आधी दर पर्वात दहा असत. लोक शेवटावर चिडले ते कोण राजा झालं म्हणून, असं म्हणतात. मला खटकलं ते वेगळं. माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, नुसती इकडून तिकडे पोहोचू लागली. तरी त्यातही एक जागा मला फार आवडते. दुसऱ्या पर्वात डॅव्होस बोलताना व्याकरणाची एक बारीक चूक करतो आणि स्टॅनिस ती तिथल्या तिथे सुधारतो. सातव्या पर्वात, स्टॅनिस मेल्यावर, उत्तरेचा राजा झालेला जॉन स्नो तीच चूक करतो आणि डॅव्होस ती सुधारतो. स्टॅनिसचं नावही तिथे निघत नाही.

ज्यांनी फक्त मालिका पाहिली आहे त्यांनी चौथं पुस्तक ब्रिएनसाठी जरूर वाचावं, पण सुरुवात पहिल्यापासूनच करावी. डॅव्होस भेटतो दुसऱ्या पुस्तकात, तेवढा धीर धरा. ज्यांनी फक्त वाचलं आहे त्यांनी तिसऱ्या पर्वातले शिरीनचे प्रसंग पाहावेत. आणि पाचव्या पुस्तकात डॅव्होसला एका हरवलेल्या मुलाच्या शोधासाठी स्कागोस नावाच्या बेटाकडे धाडलं आहे. तिथली माणसं नरभक्षक असल्याची बोलवा आहे. सहावं पुस्तक अजून यायचं आहे. ते आलं की मी पहिलं प्रकरण त्याचंच शोधणार आहे.

नमस्कार.