किशोरवयीन मेंदूचा तास

[दृश्य: हायस्कूलचा वर्ग. फळ्यावर मेंदूची बाजूने काढलेली आकृती. कपाळामागचा भाग रंगीत खडूने भरलेला.]

निवेदन: सहाव्या वर्षीच मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे 90 टक्के आकाराचा झालेला असतो. मग तेरा ते एकोणीस या वयात बदलतं काय? तासाची सुरुवात या प्रश्नाने करावी. ‘तुमचा मेंदू पंचविशीपर्यंत अर्धवटच असतो’ या वाक्याने कधीच करू नये. काही मुलं ते ऐकून हिरमुसतात, तर काहींना प्रत्येक चुकीसाठी सबब सापडते. शिवाय ते पुरतं खरंही नाही. शांतपणे विचार करायला वेळ मिळाला, तर सोळा वर्षांची मुलं तर्काच्या बाबतीत मोठ्यांच्या जवळपास बरोबरीची असतात.

[दृश्य: चेतापेशींच्या जोडण्यांचं ॲनिमेशन. काही पुसट होतात, काही जाड होतात.]

निवेदन: या वयात दोन कामं जोरात चालू असतात. पहिलं छाटणीचं. फारशा न वापरलेल्या जोडण्या मेंदू काढून टाकतो आणि वापरातल्या पक्क्या करतो. 1999 मध्ये मेंदूचे संशोधक जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतराने पुन्हा काढले होते. मेंदूच्या पुढच्या भागातलं करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशी आणि त्यांच्या जोडण्या असलेला थर, मुलींमध्ये साधारण अकराव्या आणि मुलांमध्ये बाराव्या वर्षापर्यंत वाढलं, पुढे घटत गेलं. ‘घटत गेलं’ म्हटलं की वर्ग दचकतो. इथे घाई करू नका. घट म्हणजे नुकसान नव्हे, हे पटल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसरं काम मायलिनचं, म्हणजे चेतापेशींच्या तंतूंवर चढणाऱ्या आवरणाचं, आणि ते हाताने करून दाखवता येतं.

[दृश्य: सोळा विद्यार्थी एका ओळीत, हातभर अंतरावर. एकाच्या हातात मऊ चेंडू, एकाकडे स्टॉपवॉच.]

निवेदन: पहिल्या फेरीत चेंडू प्रत्येकाच्या हातातून जातो. दुसऱ्या फेरीत जागा त्याच, पण चेंडू फक्त दर चौथ्या विद्यार्थ्याकडे, खालून हलकेच टाकायचा. मधले तिघे म्हणजे मायलिनचं आवरण, चौथा म्हणजे त्या आवरणातली फट. खरा संदेशही असाच फटीफटींतून पुढे सरकतो. आवरण नसलेल्या तंतूंत त्याचा वेग सेकंदाला साधारण अर्धा ते दोन मीटर असतो. जाड, आवरणयुक्त तंतूंत तो शंभर मीटरपर्यंत जातो.

हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा चेंडू पडल्यामुळे. मग दुसरी फेरीच हळू ठरते आणि वर्ग उलटा निष्कर्ष काढतो. म्हणून आधी एक फेरी घड्याळाशिवाय घ्या. नंतर प्रत्येक प्रकारच्या तीन फेऱ्या घेऊन मधली वेळ धरा. आणि तंतूतून वस्तू जात नाही, विद्युत बदल पुढे सरकतो, हे आवर्जून सांगा; नाहीतर मुलांच्या डोक्यात चेंडूच राहतो.

[दृश्य: संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ. खेळणाऱ्याच्या मागे दोन मित्र.]

निवेदन: आवरण चढण्याचं हे काम मेंदूच्या मागच्या भागाकडून पुढच्या भागाकडे सरकतं. बेत आखणारा, आवर घालणारा, कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स सर्वांत उशिरा पक्का होतो. बक्षिसाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र किशोरवयातच जोरात असते. 2005 मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी असाच खेळ किशोरांना, तरुणांना आणि प्रौढांना दिला. एकटं खेळताना तिन्ही गटांत फार फरक नव्हता. समवयस्क पाहत असताना किशोरांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. प्रौढांवर फारसा परिणाम झाला नाही.

सगळ्या धड्यात हा भाग मुलांना सर्वांत जवळचा वाटतो, त्यामुळे त्याला अर्धा तास तरी द्यावा. धोका कळत नाही, असं नाही. कळतो, पण मित्रांसमोर, भरात, त्याचं पारडं हलकं होतं. म्हणून निर्णय आधीच, निवांत असताना घेऊन ठेवायचा. प्रत्येकाने वहीत एक ‘जर–तर’ वाक्य लिहावं: ‘जर गाडीवर तिघं बसायला निघाले, तर मी उतरेन आणि घरी फोन करेन.’ ‘मी काळजी घेईन’ असं लिहिलं असेल तर परत लिहायला सांगा. त्यात ना प्रसंग आहे, ना कृती.

[दृश्य: झोपेची नोंदवही. चार रकाने.]

निवेदन: शेवटी झोप. किशोरवयात मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक रात्री उशिरा वाढू लागतं, त्यामुळे झोपही उशिरा येते. गरज मात्र आठ ते दहा तासांचीच राहते. सात दिवस चार नोंदी ठेवायच्या: अंथरुणावर पडल्याची वेळ, झोप लागल्याची अंदाजे वेळ, उठल्याची वेळ आणि दुपारी आलेली पेंग. वही घरी दिली की मुलं ती शेवटच्या दिवशी एकदम भरतात, म्हणून ती रोज पहिल्या पाच मिनिटांत वर्गातच भरून घ्या. नावं न लिहिता आकडे फळ्यावर मांडले की सुट्टीचा दिवस चटकन वेगळा दिसतो. त्या दिवशी दोन-तीन तास उशिरा उठलं, की शरीराचं घड्याळ मागे पडतं आणि रात्री वेळेवर झोप येत नाही. सुट्टीनंतर शाळेच्या पहिल्या दिवशी पेंगेचा रकाना सर्वांत भरलेला दिसला, तर त्याआधीच्या रात्रीची नोंद शेजारी ठेवून वाचायला लावा.