रकाना पराच्या रंगाचा

(दृश्य: बोटं, पक्कड, गळ. अगदी जवळून.)

महाशीर हा नदीतला मोठा मासा. तो गळाने धरायचा, वहीत नोंदवायचा आणि परत सोडायचा, तर सुरुवात गळापासून. गळाच्या टोकाजवळ हा उलटा काटा असतो. माशाच्या ओठातून गळ सुटू नये, एवढंच त्याचं काम. पाण्यात आमिष पडण्याआधी तो मोडायचा. पक्कडीने गळाच्या अंगाशी सपाट दाबायचा, मग गळ सुती फडक्यातून ओढून बघायचा. धागा अडकला तर काटा उरलाय, परत दाबा. तीन टोकांचा गळ इथे चालत नाही. एक टोक ओठात असतं तेव्हा उरलेली दोन डोळ्यात नाहीतर कल्ल्यात जातात.

(दृश्य: नाचणीचा गोळा)

आमिष नाचणीचं. पीठ घट्ट मळून गोळे उकळायचे आणि पुन्हा मळायचे. सैल राहिला तर धारेत विरतो, चिल्लर मासे कुरतडून नेतात.

(दृश्य: मासा काठाशी, माणूस कमरेएवढ्या पाण्यात)

मासा वाळूवर ओढायचा नाही, माणसाने पाण्यात उतरायचं. हात आधी ओले करायचे. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि बुरशीपासून माशाला वाचवतो तो हाच थर. जाळी रबराची, बिनगाठीची. महाशीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात आणि शिंपले फोडतात. गळ खोल गेला असेल तर बोट घालायच्या फंदात पडू नये, तंगूस तोंडाजवळ कापून टाकावी.

वजनकाट्यापेक्षा फीत बरी. मोठा मासा आकड्याला टांगला की स्वतःच्याच भाराने आतून दुखावतो. थुतरीपासून, म्हणजे तोंडाच्या टोकापासून, शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी आणि पोटाचा सर्वांत मोठा घेर, दोन्ही इंचांत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००: हा झाला पौंडांतला अंदाज. लांबी ४०, घेर २४, तर जवळपास २९ पौंड. म्हणजे १३ किलो.

फोटोसाठी उचलायचाच असेल तर उचलणाऱ्याने आपलाही श्वास रोखून धरावा. आपल्याला जड व्हायच्या आत मासा पाण्यात.

(दृश्य: सोडताना)

तोंड धारेकडे. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली. मागेपुढे हलवत बसू नये. मागे ओढलं की कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. नुसतं धरून ठेवायचं. हात झटकून तो स्वतः निघतो.

(दृश्य: नोंदवही)

आता खरं काम. तारीख, गळाच्या काठ्या किती, तास किती, मासे, वजन, पराचा म्हणजे माशाच्या पंखाचा रंग. ही ओळ बघा: तास ६, मासे ०. अशी ओळ लिहायचा कंटाळा येतो, आणि वहीचा जीव तिच्यातच असतो. रिकामे दिवस गाळले की नदी कायम भरलेलीच दिसते.

(दृश्य: कावेरी, टोपलीची होडी)

कर्नाटकात कावेरीकाठी गालिबोरेच्या तळावर १९९८ ते २०१२ अशा नोंदी ठेवल्या गेल्या. गळ टाकणारे हौशी, सोबत काठावरच्या गावांतले वाटाडे. २३ हजारांहून अधिक तास, ६ हजारांहून अधिक महाशीर, सगळे पकडून सोडलेले. सरासरी चार तासांत एक. पगारी माणसं लावून एवढी पाहणी कुणी केली असती, असं वाटत नाही.

शास्त्रज्ञांनी हे आकडे मांडले. तासामागे मिळणारे मासे वाढत चालले होते. एवढंच पाहिलं असतं तर पेढे वाटायचे. पण वहीत रंगाचाही रकाना होता. वाढले होते ते निळ्या पराचे. नारिंगी पराचा, पाठीला कुबड असलेला कावेरीचा स्वतःचा महाशीर नोंदींतून ओसरत होता. १९४६मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर गळाला लागला होता, तो याच कुबडवाल्यांतला.

(दृश्य: लोणावळा, वळवण तलाव)

निळा पर आला इथून. खडस, आपल्या मुळा-मुठेचा. साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९मध्ये त्याला नाव दिलं तेही इथल्या लोकांच्या तोंडचं ऐकून: खुद्री. लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात १९७०च्या सुमारास त्याची कृत्रिम पैदास जमली. मादीच्या पोटावरून हलका अंगठा फिरवून अंडी कोरड्या परातीत घ्यायची. त्यावर नराचं वीर्य, मग पिसाने ढवळायचं, पाणी सगळ्यांत शेवटी. पाणी आधी पडलं तर अंडी फुगतात, त्यांचं तोंड मिटतं आणि घाणा वाया जातो.

हीच बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पुढे कावेरीत सोडली गेली. गळवाल्यांच्या संघटनेचाही त्यात हात होता. हेतू संवर्धनाचाच. नदी कुठल्या खोऱ्यातली, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही.

(दृश्य: रिकामा काठ)

अभयारण्यात गळाला बंदी आली, २०१२नंतर नोंदीही थांबल्या. वाळूउपसा, बंधारे, सुरुंगाची मासेमारी यांचे घाव वेगळेच. कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख २०१८मध्ये पटली, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिधोक्यातल्या यादीत गेला. मोयार नदीत तो अजून आहे.

(दृश्य: पुन्हा वही, पहिलं पान)

भीमेच्या खोऱ्यात खडस घरचा. तिथे वहीत निळा पर वाढला तर चांगली खबर. कावेरीत तोच मासा पाहुणा. म्हणून पहिल्या पानावर आधी खोऱ्याचं नाव लिहायचं. मग प्रत्येक माशाचा एक फोटो, अंग पाण्यातच ठेवून, पर उघडा दिसेल असा. डावी बाजू ठरवली असेल तर प्रत्येक वेळी डावीच.