इमिचवर बसलेला लाल शिक्का

इमिच. घरच्या कॉम्प्युटरवर बसवायचं आणि कुटुंबाचे फोटो-व्हिडिओ आपल्यापाशीच ठेवायचे, यासाठी ॲलेक्स ट्रॅन यांनी २०२२ मध्ये सुरू केलेलं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेलं सॉफ्टवेअर. १ ऑक्टोबर २०२५ ला त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. आणि त्याच महिन्यात प्रकल्पाच्या काही साइट्स उघडायला गेलं, की ब्राउझरमध्ये पानभर लालभडक इशारा दिसू लागला. ही साइट धोकादायक आहे!

शिक्का होता गूगलच्या सेफ ब्राउझिंगचा. फसव्या साइट्स हुडकणारी ही स्वयंचलित यंत्रणा. तिची यादी फायरफॉक्स आणि सफारीही वापरतात, त्यामुळे तिच्यात नाव गेलं की बहुतेकांसाठी ती साइट बंदच.

मग यंत्रणेला खटकलं काय? इमिचचा कोड जिथे ठेवलेला आहे त्या गिटहब या साइटवर कोडमधला बदल मांडला गेला, की तो चालवून बघायला टीम एक तात्पुरती साइट उभी करू शकते. उघडली की समोर इमिचचं नाव, चिन्ह, आणि ईमेल-पासवर्डच्या दोन चौकटी. बोट ठेवलं गेलं ते अशाच पत्त्यांवर. अस्सल इमिच, इमिचच्याच डोमेनवर, आणि ठपका फसवणुकीचा! त्यातही झळ तेवढ्या पत्त्यांपुरती राहिली नाही. इमिच डॉट क्लाउड हे अख्खं डोमेनच यादीत गेलं. टीमची रोजच्या कामाची साधनं तिथेच होती, तीही अडकली. नकाशे पुरवणारा सर्व्हर तेवढा वाचला, कारण तिथे माणूस थेट जात नाही. ॲप परस्पर नकाशा मागवून घेतं.

दाद मागायची कुठे? साइटमालकांसाठीच्या गूगलच्याच सर्च कन्सोलमध्ये, गूगलचंच खातं काढून. टीमने खुलासा दिला: साइट्स आमच्याच आहेत, सॉफ्टवेअरही आमचंच आहे, आम्ही कुणाचं सोंग घेतलेलं नाही. एक-दोन दिवसांत शिक्का उठला. मग पुढचा बदल आला, नवी तात्पुरती साइट उभी राहिली, आणि डोमेन पुन्हा लाल.

ओपन सोर्स जगतं ते अनोळखी माणसांनी आपणहून पाठवलेल्या दुरुस्त्यांवर. इथे कोडमधले बदल तपासून घेण्याची सोयच प्रकल्पाच्या मुळावर उठली. चित्रपट-गाण्यांसाठीचं जेलिफिन, फायलींसाठीचं नेक्स्टक्लाउड यांसारखी सॉफ्टवेअर घरी चालवणाऱ्यांनीही हा मनस्ताप सोसला आहे. फसव्या साइट्सपासून लोकांना वाचवायलाच हवं. पण एकदा तपासून निर्दोष ठरवलेलं डोमेन पुन्हा यादीत टाकण्याआधी एखाद्या माणसाने ते बघायला नको का?

टीमने अखेर आपल्यापुरती वाट काढली. तात्पुरत्या साइट्स इमिच डॉट बिल्ड या वेगळ्या डोमेनवर हलवायचं ठरलं. पुन्हा शिक्का बसलाच, तर निदान बाकीचं काम अडणार नाही.