टिनावरचे थेंब

मंडळी, सावजीचा रस्सा जिभेला लागला की जी आग होते, ती ओळखणारं प्रथिन आपल्या मज्जातंतूंत बसलेलं असतं. नाव टीआरपीव्ही-१. डोळ्यांत पाणी येतं तेही त्याच्यामुळेच. २०१३ च्या डिसेंबरात यिफान चेंग आणि डेव्हिड ज्युलियस यांच्या गटांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, गोठवलेल्या नमुन्यावर, त्याची रचना ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंतच्या बारकाव्यानं उलगडून दाखवली (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). तेव्हापासून परिषदांमध्ये असलं चित्र आलं की टाळ्या पडतात. माझी तक्रार एकच. पंधरा मिनिटांतली चौदा चित्रावर जातात आणि ज्यानं इलेक्ट्रॉन टिपले त्या डिटेक्टरला एक ओळ मिळते. भिंगं तर आधीही चांगली होती हो!

मी फिल्मच्या काळातला माणूस. फिल्म आधी निर्वातात वाळवायची, मग यंत्रात भरायची. अंधाऱ्या खोलीत हिरव्या पडद्यावर नमुना शोधायचा, पडदा उचलायचा, श्वास रोखून एक्स्पोजर द्यायचं. एका रात्री अख्खी पेटी संपवली. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली पहिली फिल्म उमटली, तर कडा ओढलेल्या. दुसरी तशीच. तिसरीही. नमुना केसभर सरकत होता, आणि हे कळेपर्यंत इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं तो जळूनही गेला होता. तो बनवायला तीन आठवडे लागले होते. बोटांचा हायपोचा, म्हणजे फिल्म पक्की करायच्या रसायनाचा, वास दोन दिवस गेला नाही. आजही सांगताना घसा दाटतो.

पुढे सीसीडी, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यातली चिप, आला. वाट पाहणं संपलं, पण इलेक्ट्रॉन आधी सिंटिलेटरवर, म्हणजे मार बसला की चमकणाऱ्या थरावर, आदळणार, त्याचा उजेड होणार, तो काचतंतूंतून चिपपर्यंत पोचणार. उजेड वाटेत पसरतो. तीन तोंडांतून गेलेल्या निरोपाचं जे होतं, तेच.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली. मुख्य मुद्दा घाईतच सांगावा लागणार. नव्या डिटेक्टरमध्ये इलेक्ट्रॉन थेट सिलिकॉनवर पडतो. ते इतकं पातळ केलेलं असतं की तो आरपार निघून जातो, मागून उसळून चित्र बिघडवत नाही. सेकंदाला शेकडो फ्रेम मिळतात. नमुना सरकला? फ्रेम एकमेकींवर जुळवून घ्या. माझी ती रात्र वाचली असती.

आणि मोजणी. जूनच्या पहिल्या सरीत तापल्या टिनावर सुटे थेंब पडतात, टप, टप, एकेक मोजता येतो. सर जोरात आली की नुसता कल्लोळ. इथंही तसंच: एका फ्रेममध्ये एकाच पिक्सेलवर दोन इलेक्ट्रॉन पडले की एकच मोजला जातो. म्हणून झोत विरळ ठेवायचा, फ्रेम भराभर घ्यायच्या.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा एक डिटेक्टर तर जेमतेम १२८ गुणिले १२८ पिक्सेलचा. तुमच्या मोबाइलमध्ये कितीतरी जास्त आहेत. पण हा एकेक थेंब मोजत नाही, पडेल तेवढा विद्युतभार साठवतो; म्हणून एका पिक्सेलवर एकटा इलेक्ट्रॉनही ओळखतो आणि दहा लाखही पेलतो. २०१८ मध्ये त्यानंच मॉलिब्डेनम डायसल्फाइड या पदार्थाच्या चित्रात ०.३९ अँगस्ट्रॉमपर्यंतचा बारकावा गाठून दिला.

बेल वाजली. पुढच्या परिषदेत सुंदर चित्र आलं की तुमच्यापैकी एकानं तरी उठून विचारा: एका पिक्सेलवर सेकंदाला किती इलेक्ट्रॉन पाडले, फ्रेम किती घेतल्या, आणि मोजले की नुसते साठवले?