छातीतल्या पाण्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग कॅन्सर नाही ना?

नमस्कार मंडळी! फुफ्फुसाच्या आवरणाचा, म्हणजे प्लुराचा व्हिडिओ करा असं तुम्ही खूप जण म्हणत होतात. एक्स-रेत एका बाजूला पाणी दिसतं, मग कॉन्ट्रास्ट देऊन सीटी होतो, इथपर्यंत सगळ्यांना माहितीये. सीटीत आवरण 1 सेंटीमीटरपेक्षा जाड, गाठीगाठीचं, फुफ्फुसाला गोल वेढलेलं, हृदयाच्या बाजूलाही पसरलेलं दिसलं की मी रिपोर्टमध्ये कॅन्सरचा संशय लिहिते. संशयच हं, निदान नाही.

आता ऐरोलीच्या एका ताईंची कमेंट, "पाण्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत असं आलंय, आता टेन्शन नाही ना?" ताई, काढलेल्या पाण्यात पेशी सापडल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ! मेसोथेलिओमा, म्हणजे या आवरणाचाच कॅन्सर, बऱ्याचदा पाण्यात दिसतच नाही, त्याचा सार्कोमॅटॉइड प्रकार तर जवळपास नाहीच. बरं, पेशी दिसल्या तरी नुसत्या सुजेने बदललेल्या पेशीही तशाच दिसतात, गाठ खालच्या चरबीत घुसलीये का हे कळायला आवरणाचा तुकडाच लागतो, म्हणजे बायोप्सी. आणि पेट स्कॅनमध्ये चमकलं म्हणून कॅन्सर असंही नाही, टीबीही चमकतो. म्हणून तुकडा, तुकडा, तुकडा. सुईने घ्या नाहीतर दुर्बिणीने, थोरॅकोस्कोपीने, पण घ्या.

आपल्याकडे टीबी भरपूर, त्यामुळे डॉक्टरांना आधी तोच आठवणं साहजिक आहे, पण टीबीच्या गोळ्या चालू असताना पाणी परत परत भरतंय आणि तरी कोणी बायोप्सीचं नाव काढत नाही, याचा मला खरंच राग येतो. गोळ्या मनाने बंद करू नका, पण विचारा.

एक काका सीटीला आले होते, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीतून रिटायर. टेबलावर झोपताना सहज विचारलं, तर म्हणाले, "सिमेंटचे पत्रे कापायचो, भुगा अंगभर, कपडे बायको धुवायची." फाईलमध्ये याचा उल्लेखच नव्हता! असे पत्रे बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात, आणि त्या धुळीने होणारा मेसोथेलिओमा 20 ते 50 वर्षांनीसुद्धा येतो, कपडे धुणाऱ्या बायकोलाही होऊ शकतो. जुनी नोकरी सांगा हो डॉक्टरांना.

"बायोप्सीने पसरतो" असंही कोणीतरी लिहिलंय. मेसोथेलिओमात सुईच्या वाटेवर कधीकधी गाठ येते, खोटं नाही, म्हणूनच जागा विचार करून निवडतात. पण त्या भीतीने तपासच टाळला तर ट्रीटमेंट कशाची करणार?

आणि तुकड्यावर आयएचसी हवीच, म्हणजे कॅन्सर मुळात कुठला हे ओळखायची खास रंगांची तपासणी, कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-1, टीटीएफ-1 वगैरे मार्कर बघणारी, कारण आवरणावर फुफ्फुसातून किंवा स्तनातून पसरलेला कॅन्सर जास्त कॉमन आहे आणि त्याची औषधं वेगळी. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये किंवा कुठेही सेकंड ओपिनियनला जाताना नुसता कागद नेऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, मागून घ्या.